छोटं फ्रेमवर्क, नोंद ७: लिंक हेल्परनं अंदाज बांधणं सोडलं

मागच्या नोंदीत लिंक हेल्पर, म्हणजे माझ्या छोट्या वेब फ्रेमवर्कमधला पानांच्या लिंका बनवणारा कोड, पूर्ण झाला असं लिहिलं होतं, पण तो झाला नव्हता. त्यानंतरचे तीन रविवार त्याच्यावरच गेले आणि आता तो जसा उभा आहे, त्यावर मी मनापासून खूश आहे.

बिघाड सापडला तो माझ्याच टिपणवहीत, म्हणजे याच फ्रेमवर्कवर चालणाऱ्या वेब अ‍ॅपमध्ये. तिच्यात "%20 म्हणजे काय" या नावाचं एक टिपण आहे. त्याच्या लिंकवर क्लिक केलं की "टिपण नाही" असं यायचं. हेल्परमध्ये मी एक तपासणी घातली होती: % आणि त्यामागे दोन हेक्स अंक (0-9, A-F) दिसले, तर मजकूर आधीच एन्कोड झालाय, म्हणजे पत्त्यात न चालणारी चिन्हं अशा रूपात बदललीत, असं समजून त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे %20 तसंच पत्त्यात गेलं, सर्व्हरनं त्याची मोकळी जागा केली आणि शोध भलत्याच नावाचा झाला. पत्त्यात तिथे %2520 हवं होतं, कारण % या चिन्हाचं स्वतःचं रूप %25.

ती तपासणी आली होती उलट्या त्रासामुळे. एन्कोड करून दिलेला पत्ता हेल्पर पुन्हा एन्कोड करायचा आणि शीर्षकांत %20 उमटायचं. नुसत्या स्ट्रिंगकडे, म्हणजे मजकुराच्या तुकड्याकडे, पाहून ती कच्ची आहे की एन्कोड झालेली, हे कळूच शकत नाही. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये (वेब पत्त्यांच्या रचनेचं मानक) तर स्पष्टच म्हटलंय की एकच स्ट्रिंग एकाहून जास्त वेळा एन्कोड किंवा डीकोड करायची नाही.

म्हणून हेल्पर आता जोडलेला पत्ता घेतच नाही. पाथचे तुकडे (पत्त्यात / मुळे वेगळे होणारे) आणि क्वेरीच्या जोड्या (? नंतर येणाऱ्या, नाव=मूल्य अशा), सगळं कच्चं द्यायचं; एन्कोड करून जोडायचं काम त्याचं. तयार पत्ता द्यायचाच असेल तर तो वेगळ्या टाइपमध्ये गुंडाळून द्यावा लागतो. रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क रेल्स ३ नं २०१० मध्ये एचटीएमएलसाठी हाच मार्ग धरला: डीफॉल्टनं सगळं एस्केप (एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेली चिन्हं साध्या मजकुराच्या रूपात बदलणं), आणि सुरक्षित म्हणून खूण केलेल्या स्ट्रिंगला सूट.

"कथा & कविता" हा शब्द आणि पान 2 दिलं, तर पानाच्या सोर्समध्ये हे येतं (देवनागरी वाचायला सोपी म्हणून तशीच ठेवलीय; प्रत्यक्षात यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची % धरून तीन अक्षरं, म्हणजे "मराठी" या पाच चिन्हांच्या शब्दाची ४५ अक्षरं होतात):

/शोध?शब्द=कथा%20%26%20कविता&#38;पान=2

शब्दातला & झाला %26, जोड्या वेगळ्या करणारा & झाला &#38;. पहिलं काम पत्त्याचं, दुसरं एचटीएमएलचं, आणि क्रम हाच. ब्राउझर आधी &#38; उलगडतो, मग सर्व्हर %26. पॅरामीटरचं (जोडीतलं) नाव इंग्रजीत कॉपी असेल, जे एचटीएमएलमध्ये © या चिन्हाचंही नाव आहे, तर हा दुसरा थर किती गरजेचा आहे ते दिसतं. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्या नावापुढे = असल्यामुळे एचटीएमएलचे नियम ते सोडून देतात, पण तोच पत्ता लिंकचा मजकूर म्हणून एस्केप न करता छापला की © उमटतो.

पायथनचं एन्कोड करणारं क्वोट फंक्शन डीफॉल्टनं / ला हात लावत नाही, त्यामुळे "२०२४/२५" या टॅगचे पाथमध्ये दोन तुकडे पडत होते. सेफ यादी (एन्कोड न करायच्या चिन्हांची) रिकामी दिली आणि प्रश्न सुटला. मोकळ्या जागेसाठी सगळीकडे %20 ठेवलं. + ला मोकळ्या जागेचा अर्थ फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये आहे, पाथमध्ये तो नुसता अधिक.

एस्केप कितीही चोख केलं तरी जावास्क्रिप्ट स्कीमचा पत्ता (स्कीम म्हणजे पत्त्यातला पहिल्या : च्या आधीचा भाग; या स्कीमच्या लिंकवर क्लिक केलं की कोड चालतो) त्यातून सहीसलामत पार होतो. म्हणून गुंडाळलेल्या पत्त्यांची स्कीम वेगळी तपासतो आणि एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू एवढ्याच चालू देतो. तपासण्याआधी टॅब आणि नवी ओळ काढून टाकणं फार महत्त्वाचं, कारण ब्राउझरही पत्ता वाचताना त्या काढतो आणि मधोमध तोडलेली स्कीम पुन्हा जुळते.

शेवटी अडलो ".." या तुकड्यावर. टिंब एन्कोड करूनही उपयोग नाही. ब्राउझर ते रूपही एक पायरी वर असंच वाचतो. हेल्पर आता तिथे सरळ एरर देतो, आणि टिपणाला ".." हे नाव ठेवता येत नाही. पुढचं काम फॉर्म हेल्परचं.