यदृच्छेचे रंग

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून उमटतो. या प्रत्येक प्रकाशाला ० ते २५५ असे २५६ टप्पे असल्यामुळे एकूण १,६७,७७,२१६ रंग आपल्या हाताशी असतात. असे असूनही नव्या संकेतस्थळाचे काम सुरू केले, की माझा हात नेमका त्याच जुन्या करड्या निळ्याकडे जातो. ही सवय मोडावी म्हणून मी यदृच्छेने रंगसंगती जुळवून देणाऱ्या साधनांच्या नादी लागलो. स्पेसबार दाबला, की पाच उभ्या पट्ट्या समोर येतात. एखादी आवडली तर तिला कुलूप लावायचे आणि उरलेल्या बदलण्यासाठी पुन्हा स्पेसबार दाबायचा.

या पट्ट्या पाहताना आपल्याला वाटते, की हा सगळा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. तो तसा नसतो, आणि नसतो हेच बरे. तिन्ही आकडे खरोखरच अंदाधुंद निवडले, तर काय दिसते ते करून पाहण्यासारखे आहे. सारे रंग एका घनात मांडलेले आहेत असे समजले, तर झळाळणारे शुद्ध रंग त्याच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर बसतात, आतल्या मोठ्या पोकळीत मात्र मळकट हिरवे, फिकट जांभळे आणि नाव देता न येणारे तपकिरी रंग गर्दी करून असतात. त्यामुळे अंदाधुंद निवड बहुतेक वेळा या गर्दीतलेच काहीतरी उचलून आणते. रंगचक्रावरून फक्त रंगछटा निवडायच्या ठरवल्या, तरी यदृच्छा समान वाटप करत नाही. ३६० अंशांच्या चक्रावर पाच बिंदू कसेही टाकले, तर त्यांपैकी निदान दोन एकमेकांपासून १५ अंशांच्या आत पडण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास असते. पाच रंग मागावेत आणि त्यांत दोन जवळजवळ सारखेच निघावेत, ही तक्रार म्हणूनच रास्त आहे.

यावर एक देखणी युक्ती आहे. पहिली रंगछटा यदृच्छेने घ्यायची आणि पुढची प्रत्येक आधीच्या छटेपासून सुमारे १३७.५ अंशांवर. सूर्यफुलाच्या बियांच्या मांडणीत आढळणारा हाच तो सुवर्णकोन. अशा पाच छटा घेऊन झाल्या, तरी कोणत्याही दोन छटांमध्ये ५२ अंशांपेक्षा कमी अंतर उरत नाही. म्हणजे दैवाच्या हाती फक्त सुरुवात राहते. असे रंग आवडले, तर श्रेय यदृच्छेला असे कुंपण घालणाऱ्याला द्यायचे की दैवाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कुंपण घालणाऱ्यालाही डोळ्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. रंगछटा, संपृक्तता (रंगाचा शुद्धपणा) आणि उजळपणा अशा मोजणीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही उजळपणा ५० टक्के भरतो. डोळ्याला मात्र पिवळा लख्ख आणि निळा जवळजवळ काळोखा दिसतो. प्रकाशमानतेच्या प्रचलित सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के आहे, त्यावरून ही तफावत लक्षात यावी. म्हणूनच डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाशी इमान राखणाऱ्या मोजण्या पुढे आल्या. १९७६ची सीआयई लॅब आणि २०२०ची ओकेलॅब या त्यांपैकीच. संकेतस्थळ सर्वांना वाचता यावे यासाठीच्या सुलभतेच्या निकषांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिली, तर ते १.०७ : १ इतके खाली येते, आणि यदृच्छेला याची काहीच फिकीर नसते.

पण माझा खरा आक्षेप पट्ट्यांच्या सारख्या रुंदीवर आहे. प्रत्यक्ष पानावर पाच रंग कधीच समसमान जागा घेत नाहीत; एक सारे अंगण व्यापतो आणि दुसरा एखाद्या बटणापुरता उरतो. शिवाय शेजार बदलला, की रंगही बदलल्यासारखा दिसतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून बाजूच्या रंगांच्या परिणामात आहे असे त्यांना आढळले, आणि १८३९ साली या विषयावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पट्टीत कर्कश वाटलेला शेंदरी म्हणूनच मी लगेच टाकून देत नाही. तो करड्या पानावर एका लहानशा बटणात भरून पाहतो, आणि तिथे तो बहुधा चांगला शोभतो. उरलेल्या चार पट्ट्यांपैकी क्वचितच एखादी कामाला येते. पार्श्वभूमी आणि अक्षरे यांचे रंग मी मोजून मापूनच ठरवतो. मात्र तो शेंदरी माझ्या हाताने मी कधीच निवडला नसता.