तुम्ही विचारलंत म्हणून: वजन माझं जास्त, मग शुगर यांनाच कशी?

मी आहारतज्ज्ञ आहे. नवराबायको जोडीनं आले की बाईंचा हा प्रश्न ठरलेला. विचारताना त्यांना जरा हायसंही वाटत असतं, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

चरबी म्हणजे अंगावर थापलेलं तूप नव्हे. त्या जिवंत पेशी आहेत. जेवणातली जादा ऊर्जा त्या साठवतात, शिवाय हार्मोन सोडतात. बायकांची चरबी पाळीच्या वयात मुख्यतः मांड्या आणि नितंबांवर, कातडीखाली साठते. तिथली चरबी वाढताना नव्या पेशीही तयार होतात, त्यामुळे भार वाटला जातो. पुरुषांची चरबी पोटात, आतड्यांभोवती जास्त जाते. तिथे आहे त्याच पेशी फुगत जातात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. मेलेल्या पेशीभोवती रोगप्रतिकारक पेशी कडं करून बसतात आणि आतल्या आत दाह धुमसत राहतो. न मावलेली चरबी यकृतात उतरते, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. पोट सुटलेल्यांना मधुमेह जास्त होतो, हे फ्रान्समधल्या मार्सेयच्या डॉ. झाँ वाग यांनी 1947 मध्येच मांडलं होतं.

बायकांच्या या संरक्षणात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मोठा वाटा आहे. म्हणजे त्याला मुदत आहे! पाळी गेली की चरबी पोटाकडे सरकू लागते. वजनाचा काटा तोच आकडा दाखवतो, साडीची गाठ मात्र वर चढते. शिवाय पाळी गेल्यावर चरबीतच थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. जाडी जास्त असेल तर स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, त्याचं हे एक कारण. गुडघ्यांचं तर बोलायलाच नको.

म्हणून मी काट्याआधी टेप काढते. आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं धरतात.

परवा हाच प्रश्न विचारणाऱ्या बाईंची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. टेप 94 वर थांबली. शुगर शेवटची कधी तपासली, असं विचारलं, तर म्हणाल्या, "धाकटीच्या वेळेला." धाकटी आता कॉलेजात आहे. यजमानांच्या चिठ्ठीखाली मी त्यांच्याही तपासण्या लिहून दिल्या.