लिस्बनमधलं ३ आठवड्यांचं घर आणि माझा कुकर

तर ३ आठवड्यांसाठी घेतलेला फ्लॅट आल्फामा या लिस्बनच्या जुन्या भागात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीतच आल्यासारखं, फक्त जिना अजून अरुंद. चार्जरची काळजी उगाच केली, इथेही २३० व्होल्ट आणि आपली दोन पिनांची पिन सरळ बसते. खरी फजिती कुकरची! हौसेने आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापेचना. भांड्याला लोहचुंबक चिकटत नसेल तर ते चालत नाही, हे आईने फोनवर सांगितलं, तेही तिच्या रात्री साडेबाराला, कारण उन्हाळ्यात मुंबई साडेचार तास पुढे (वर झोपमोडीचं ऐकावं लागलं ते वेगळंच). मग घरातल्याच स्टीलच्या पातेल्यात डाळ ठेवली आणि खिडकीबाहेरच्या दोरीवर टॉवेल वाळत घातले, इथे सगळेच घालतात. डाळ अजून शिजतेच आहे.