दगड लागलाच नाही

मी माती तपासणारा माणूस. इमारत उभी राहण्याआधी बोअर (जमिनीत खोल भोक) घेऊन खाली काय आहे ते सांगायचं, एवढंच काम. पंधरा वर्षं पुण्यात आणि आसपास काढली. तिथला हिशेब सोपा: वर माती, मग मुरूम, थोडं खाली गेलं की काळा पाषाण. तो लागला की कोअर बॉक्स, म्हणजे दगडाच्या नमुन्यांची पेटी, भरायचा आणि चहा सांगायचा.

एका जानेवारीत बिठूरला जायची वेळ आली. कानपूरच्या वरच्या अंगाला, गंगेच्या उजव्या काठावरचं लहानसं गाव. धुकं इतकं की तिकाटण्याचं टोक दिसेना, म्हणून सातचं काम दहाला सुरू झालं. मे महिन्यात इथेच लू, म्हणजे गरम वारा, भाजून काढते, असं मिस्त्री सांगत होता. कुडकुडत ऐकताना पटेना.

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा आणि नळी जमिनीत किती ठोक्यांत उतरते ते मोजायचं. पहिल्या दोन मीटरांत भराव निघाला, त्यात चपट्या लखौरी विटांचे तुकडे. मग पिवळट गाळमाती, मधूनमधून चुन्याचे कंकर, आणि नंतर बारीक राखाडी वाळू, अभ्रकाने चमचमणारी. दहा मीटर वाळू. वीस मीटर वाळू. तिसाव्या मीटरला मी सवयीने विचारलं, "पत्थर कितने पर लगेगा?"

मिस्त्री हसला. "साहब, यहाँ पत्थर कहाँ? बालू ही बालू है।"

माहीत होतं मला. हिमालयातून नद्यांनी आणलेला गाळ इथे शेकडो मीटर जाड आहे. तरी हात दगडाची वाट बघत होता.

जेवणाच्या सुट्टीत घाटांवर गेलो. गावात घाट पुष्कळ, पण अवधचा दिवाण टिकैतराय याने बांधलेला लाल दगडाचा तेवढा 'पत्थर घाट'. आपल्याकडे असं नाव कुणी ठेवेल का? दगडी घाट म्हणजे आपल्याला नुसता घाट. इथे दगड बाहेरून आणावा लागतो, म्हणून त्याचं नाव झालं.

दुसऱ्या बाजीरावाचा वाडा कुठे, हे विचारत हिंडलो. १८१८ साली इंग्रजांना शरण गेल्यावर वर्षाला ८ लाखांच्या तनख्यावर त्याला इथे आणून ठेवलं. सोबत मोठा मराठी परिवार आला. मनू म्हणजे पुढची लक्ष्मीबाई इथेच वाढली. १८५१ मध्ये बाजीराव गेला, गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याच्या दत्तक मुलाचा, नानासाहेबांचा, तनखा नाकारला, आणि १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने वाडा उद्ध्वस्त केला. विहिरीत टाकलेला खजिनाही उपसून काढला. आता बघण्यासारखं फार थोडं उरलंय.

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळला, तरी त्याची जोती आजही मोजता येतात. त्याच घराण्याचं इथलं बिऱ्हाड मात्र पुसलं गेलं. तोफा आणि सूड ही कारणं खरीच, पण मला वाटतं मातीचाही हात असावा. पडक्या भिंतीच्या विटा उचलून नव्या भिंतीत लावणं फार सोपं. पाषाणाचा जोता कोण उचलून नेणार?

परतलो तेव्हा बोअर बंद करायची तयारी चालली होती. नोंदवहीत लिहिलं: '० ते २.१ मी., भराव, जुन्या विटांचे तुकडे.' कुठल्या घराच्या, ते लिहायला रकाना नसतो. नमुना म्हणून दोन तुकडे ठेवावेत असं मनात होतं, पण मिस्त्रीने तोवर तीन तुकडे मांडून चूल केली होती आणि चहाला उकळी फुटली होती.