एका स्वल्पविरामापाशी अडकले आणि कविता वाचायला लागले

एमए इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला अनसीन पोएमच्या (आधी न शिकवलेल्या कवितेच्या) प्रश्नात मला १५ पैकी ४ पडले. शाळा मराठी मीडियमची, गाईडमधलं पाठ करून गेले होते, कुठलीही कविता आली तरी थीम, इमेजरी, अ‍ॅलिटरेशन असे ठरलेले पॅराग्राफ. सर म्हणाले, "अगं, यात कविता कुठंय?" मग त्यांनी रॉबर्ट फ्रॉस्टची १९२३ ची 'स्टॉपिंग बाय वूड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग' दिली, आठवडाभर हीच मोठ्यानं वाच म्हणाले.

आधी मी शाळेतल्यासारखं लघु-गुरू लावत बसले, काही जुळेना. इंग्रजीत आघात, म्हणजे कुठं जोर येतो ते, मोजायचे असतात हे टेबलावर बोट आपटत वाचलं तेव्हा कळलं. 'हूज वूड्स दीज आर आय थिंक आय नो', आठ शब्द, आठ सिलेबल, चार ठोके. मग यमकं पेन्सिलनं जोडली तर प्रत्येक कडव्यात तिसरी ओळ एकटी पडते आणि पुढच्या कडव्यातल्या तीन ओळी तिचंच यमक उचलतात, 'लेक'वरून शेक, मिस्टेक, फ्लेक असं. शेवटच्या कडव्यात मात्र डीप, कीप, स्लीप, स्लीप, चारही सारख्या, म्हणजे पुढं न्यायला काही उरतच नाही! कवितेतला, बर्फात रान बघत थांबलेला माणूस निघायचं म्हणतोय आणि यमक तिथंच थांबलंय.

खरी अडकले ते 'द वूड्स आर लव्हली, डार्क अँड डीप'पाशी. माझ्याकडच्या एका पुस्तकात डार्कनंतरही स्वल्पविराम होता, मला छपाईची चूक वाटली. तो फ्रॉस्ट गेल्यावर १९६९ च्या आवृत्तीत संपादक एडवर्ड लॅथम यांनी घातलेला. त्यानं नुसती यादी होते, रान सुंदर, काळोखं, खोल. फ्रॉस्टचं तसंच वाचलं तर लव्हलीपाशी थांबायचं आणि डार्क अँड डीप एका दमात, म्हणजे काळोखं नि खोल आहे म्हणूनच तर सुंदर! त्या दिवशी मी ती ओळ वीसेक वेळा तरी म्हटली असेल.

पुढच्या टेस्टला थीमवर एकच वाक्य लिहिलं, बाकी अख्खं पान दोन ओळींवर, ११ पडले. फ्रॉस्टची शेवटची ओळ, 'अँड माइल्स टू गो बिफोर आय स्लीप' (झोपायच्या आधी अजून कितीतरी मैल जायचंय), दोनदा का येते यावर मात्र सरांचं नि माझं अजून पटत नाही, ते म्हणतात माणूस पेंगतोय, मला वाटतं दुसऱ्यांदा म्हणताना 'स्लीप' म्हणजे झोप राहतच नाही.