तुम्ही विचारलंत म्हणून: पळण्याची लीग का नाही?

मैदानाच्या कट्ट्यावर बसलेले पालक हा प्रश्न मला हमखास विचारतात. 2014 साली कबड्डीची लीग आली, खेड्यातली पोरं टीव्हीवर दिसू लागली, त्यांच्या हातात पैसा आला. मग मॅडम, पळण्याची लीग का नाही? माझी पोरगी रोज पहाटे पाचला उठून आठशे मीटरचा सराव करते, तिनं कशाच्या भरवशावर पळत राहायचं?

सरावाच्या घाईत मी दरवेळी अर्धंच उत्तर देते. आज पुरतं सांगते.

अशी लीग निघाली होती, आणि काढणारा माणूस साधासुधा नव्हता. अमेरिकेचा धावपटू मायकल जॉन्सन. 1999 मध्ये सेव्हिलला त्यानं 400 मीटर 43.18 सेकंदांत मारली, तो विक्रम 17 वर्षं टिकला. त्याची 'ग्रँड स्लॅम ट्रॅक' एप्रिल 2025 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला सुरू झाली. एका गटात आठ जण, प्रत्येकानं एका मीटमध्ये, म्हणजे एका ठिकाणच्या स्पर्धेत, दोन शर्यती पळायच्या आणि दोन्हींचे गुण एकत्र. गटात पहिल्याला 1,00,000 डॉलर, आठव्यालाही 10,000. त्याच्या आदल्याच वर्षी डायमंड लीग या मैदानी खेळांच्या मोठ्या जागतिक मालिकेत नेहमीच्या मीटमध्ये शर्यत जिंकणाऱ्यालाच 10,000 डॉलर मिळत होते, म्हणजे फरक केवढा ते बघा. सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोनसारखी धावपटू पहिल्यापासून सोबत होती. मी पहाटे उठून मोबाइलवर किंग्स्टनच्या शर्यती बघितल्या. पळणं अव्वल होतं. पण कॅमेरा वळला की मागं रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

त्या खुर्च्या माझ्या मनातून जात नाहीत. कारण हे त्याच किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम, जिथं जेमतेम आठवडाभर आधी 'चॅम्प्स' झाली होती. चॅम्प्स म्हणजे जमैकातल्या शाळांची मैदानी स्पर्धा, 1910 पासून चालत आलेली. तिला स्टेडियम खचाखच भरतं. माजी विद्यार्थी, आया, आज्या आपापल्या शाळेचे रंग घालून येतात, ढोल-भोंगे वाजतात, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या रिलेला माणसं खुर्चीवर उभी राहतात. त्याच गावात जगातले सगळ्यात वेगवान पाय आले, तर तेवढी गर्दी नाही. तिथल्या माणसांना पळणं कळत नाही असं कोण म्हणेल? माझं मत असं झालंय, की माणूस टायमिंग बघायला येत नाही, आपलं कोणीतरी पळतंय ते बघायला येतो. ग्रँड स्लॅममध्ये संघच नव्हते, गटातला प्रत्येक जण स्वतःपुरता. मग गल्लीतल्या माणसानं कुणासाठी ओरडायचं?

पुढचं फार लवकर घडलं. फिलाडेल्फियाची मीट तीनऐवजी दोन दिवसांची झाली, लॉस एंजेलिसची रद्दच. ऑगस्टमध्ये जॉन्सननं कबूल केलं की खेळाडूंचे पैसे द्यायचे राहिलेत. गुंतवणूकदारानं शब्द पाळला नाही असं त्याचं म्हणणं. डिसेंबरमध्ये लीगनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

मला राग येतो तो इथं. मी कॉलेजात असताना एका रोड रेसमध्ये तिसरी आले होते. स्टेजवर पुठ्ठ्याचा दारापेक्षा रुंद चेक हातात दिला, फोटो निघाला. खरा चेक नंतर पोस्टानं येणार होता, तो आजतागायत आलेला नाही. जाताना एसटीचं भाडं मावशीनं दिलं होतं, तिला मी वर्षभर "येतील, येतील" म्हणत राहिले. म्हणून त्या लीगमध्ये पळून पैशांची वाट बघणाऱ्यांबद्दल वाचलं तेव्हा मला त्यांचे आकडे दिसले नाहीत. कुणी त्या भरवशावर कोच ठेवला असेल, फिजिओ ठेवला असेल, घराचा हप्ता धरला असेल. बक्षिसाची रक्कम गन वाजायच्या आधी बँकेत नसेल, तर ती जाहीर करू नये. यात मी तडजोड करणार नाही.

हे नवंही नाही. 1973 मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल ट्रॅक असोसिएशन नावाची व्यावसायिक मालिका निघाली होती. किप केइनो, जिम रायन, ली इव्हान्स हे त्या काळचे नावाजलेले धावपटू तिच्यात पळाले, आणि पैसे घेऊन पळणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या त्या काळच्या हौशीपणाच्या नियमांमुळं त्यांना ऑलिम्पिकचं दार बंद झालं. ट्रॅकच्या कडेला पळण्याचा वेग दाखवणारे दिवेसुद्धा त्यांनी तेव्हाच लावले होते. 1976 मध्ये तीही बंद पडली.

आणखी एक सल आहे. जॉन्सनच्या लीगमध्ये फक्त ट्रॅकवरच्या शर्यती होत्या, फेकी आणि उड्या नाहीत, आणि त्यातही स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, नाही. म्हणजे भाल्याचा नीरज चोप्रा बाहेर आणि स्टीपलचेस पळणारा बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळेही बाहेर. आमच्या माण तालुक्याच्या ललिता बाबरनं 2016 ला रिओत स्टीपलचेसची फायनल गाठली, तिच्यासारखीलाही जागा नाही. उलट 5 जुलै 2025 ला बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर नीरजच्या नावानं फक्त भालाफेकीची संध्याकाळ झाली. एकच प्रकार, तरी माणसं आली, कारण तो त्यांचा होता. त्यानं 86.18 मीटर फेकून जिंकलंही.

मग आपल्याकडं होईल का? होईल, पण जिल्ह्यांचे संघ करून. आणि शर्यती मोजक्या ठेवून, कारण कबड्डीत दमलेल्याच्या जागी बदली येतो, धावपटूची पोटरी गेली की हंगाम गेला. संघ असेल तर त्याच्या जागी दुसरी पोर उतरते आणि संघाचं नाव चालू राहतं.

मोठी लीग काढणं माझ्या हातात नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही सहा गावांची रिले घेतली, चार बाय चारशे, म्हणजे चौघींनी चारशे-चारशे मीटर पळायचं, मातीच्या ट्रॅकवर. बक्षिसाचे 18,000 रुपये आदल्या महिन्यातच गोळा करून मुख्याध्यापकांकडं ठेवले होते. शर्यत संपली आणि पोरींचा श्वास अजून खाली बसला नव्हता, तेवढ्यात पाकिटं वाटली, सहाव्या आलेल्या गावालाही. त्या गावची माणसं ट्रॉलीतून आली होती. शेवटच्या लॅपला त्यांची पोर चाळीस मीटर मागं होती, तरी ट्रॉलीतली एक म्हातारी पदर सावरत उभी राहिली आणि तिचं नाव घेऊन ओरडत होती. यंदा नऊ गावांनी नावं दिली आहेत.