सोडा कुठला?

घरीच धुतलेला फिल्मचा पहिला रोल धुण्याच्या टँकमधून निघाला तो काचेसारखा कोरा. फ्रेम नाहीतच, पण फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडेही नाहीत. आकडे उमटले असते तर कॅमेऱ्यावर खापर फोडता आलं असतं. तेही गायब, म्हणजे माझ्या घरगुती डेव्हलपरने, फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाने, काहीच केलं नव्हतं.

त्यात होती इन्स्टंट कॉफी, व्हिटॅमिन सी आणि सोडा. हा उद्योग १९९५ साली रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉ. स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. नाव कॅफेनॉल, पण कॅफीनचा त्यात काही हात नाही. काम करतं कॉफीतलं कॅफिक आम्ल, तेही द्रावण चांगलं अल्कधर्मी असेल तरच. मी घातला होता खाण्याचा सोडा. हवा होता धुण्याचा.

घरात तो नव्हता. मग खाण्याचाच सोडा ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेला की उरतो तो धुण्याचा सोडा. १०० ग्रॅमचे ६३ भरले, तेव्हा जिवात जीव आला.

लिटरभर पाण्यात आधी ५४ ग्रॅम सोडा, तो पूर्ण विरघळल्यावर १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी (फसफसतं, घाबरायचं नाही), शेवटी ४० ग्रॅम कॉफी. स्वस्तातली घ्या, चांगली पिण्यासाठी ठेवा. आता मात्र शहाणपण आलं होतं: रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच द्रावणात बुडवला. बघता बघता तो राखाडी झाला, मग काळाकुट्ट. फेस बसेपर्यंत थांबलो आणि मगच फिल्म, २० अंशांना १५ मिनिटं. वासाबद्दल काय सांगू! खिडक्या उघड्या ठेवा, एवढंच. नंतर साधं पाणी आणि चित्र पक्कं करणारा नेहमीचा फिक्सर.

रीळ उलगडताना आधी कडेचे आकडे शोधले. होते. मग फ्रेम, तपकिरी झाक असलेल्या, पण भरगच्च.

तिसऱ्या रोलला विकतचा धुण्याचा सोडा आणला, खड्यांचा. तोही ५४ ग्रॅमच घेतला आणि निगेटिव्ह अगदी फिक्या आल्या. त्या खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आता डब्यावर मार्करने लिहून ठेवलंय: ‘खडे – १४६ ग्रॅम’.